फक्कीसरांची शाल

फक्कीसर मैदान कधी तिरपं ओलांडत नसत. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं असलं तरी आधी कडेच्या रेषेवरून टोकापर्यंत जायचं, मग काटकोनात वळायचं. रेषा त्यांनीच मारलेल्या असत. डालड्याच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडायची, आत पांढरी फक्की भरायची, खुंट्या ठोकून सुतळी ताणायची आणि डबा हलवत हलवत मागे सरकायचं, हे काम त्यांनी कॉलेजच्या शिपायाला कधी करू दिलं नाही. पोरं येईपर्यंत त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असायच्या. म्हणून फक्कीसर. कागदावर त्यांना एक पूर्ण नाव होतं, पण ते वर्षातून एकदाच वापरात येई, त्यांची ऑर्डर निघाली की.

ऑर्डर अकरा महिन्यांची असे. 'हंगामी फुटबॉल मार्गदर्शक' असं त्यावर लिहिलेलं असायचं. मे अखेरीस ती संपली की पुढची निघेपर्यंत सर बेकार. असे त्यांचे नऊ जून गेले होते. तरी जूनमध्ये सकाळी सहाला ते मैदानावर हजर असत, हातात विळा घेऊन. वर्ध्यात पहिल्या दोन सरी पडल्या की गाजरगवत माणसाच्या आधी डोकं वर काढतं. एकदा आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, सर, ऑर्डर निघाली का? सर उपटता उपटता म्हणाले, "गवताले ऑर्डर लागते का बे? थे त उगूनच राह्यलं." वर्षातून एकच दिवस ते मैदानावर नसत, चौदा एप्रिलला. त्या दिवशी पांढरा शर्ट घालून मिरवणुकीत असत, आणि तिथेही पोरांच्या रांगा सरळ करत.

आता या कथेतल्या खलनायकाकडे वळतो, म्हणजे माझ्याकडे. मी संघाचा गोलकीपर होतो. या जागेसाठी माझी पात्रता दोन गोष्टींची: उंची पाच फूट अकरा इंच, आणि धावण्याचा कंटाळा. गोलात उभं राहणाऱ्याला धावावं लागत नाही, हा माझा समज सरांनी पहिल्याच आठवड्यात दूर केला, पण तोवर माझं नाव यादीत चढलं होतं. सर मला 'खांब' म्हणायचे. मला वाटे, आधाराचा खांब. ते गोलाचा तिसरा खांब म्हणत होते हे मला शेवटच्या वर्षाला कळलं.

आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात त्यावर चेंडू पडला की फतकन बसायचा, आणि बुटाला दोन-दोन किलो चिखल चिकटायचा. स्पर्धा नागपूरला, तिथलं मैदान मुरमाचं, टणक. तिथे चेंडू टप्पा खाऊन डोक्याएवढा उडतो. दर वर्षी आम्ही इथे एक खेळ शिकायचो आणि तिथे जाऊन दुसरा हरायचो. यावर सरांनी शोधलेला उपाय कुठल्याही पुस्तकात नव्हता. स्टेशनच्या पलीकडे एका शेठजींची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी. कापूस यायला लागतो दिवाळीच्या आसपास. ऑगस्ट-सप्टेंबरात तिचं मोठं फरसबंद आवार ओसाड पडलेलं असे. सर शेठजींना जाऊन भेटले. शेठजी म्हणाले, खेळा, पण दसऱ्यानंतर कापसाच्या गाडीखाली सापडलात तर मी ओळखत नाही. मग सर रोज सकाळी आम्हाला तिथे नेऊ लागले. मला ते भिंतीपुढे उभं करत आणि लांबून चेंडू टप्प्याने मारत. "खांबा, बॉल येऊन रुकन म्हणून वाट पाहू नोको. थो उडते. तू पाय हालव." रोज हेच. मला ते फारच प्राथमिक वाटायचं.

कारण त्या वर्षी मी पत्रकारही झालो होतो. जिल्ह्यातल्या एका दैनिकाला कॉलेजच्या बातम्या मी फुकट पुरवत असे. ऑगस्टात आम्ही एक मैत्रीपूर्ण सामना जिंकला, चार शून्य. समोर सावंगीला राहणारी डॉक्टर होऊ घातलेली पोरं होती. त्यांच्यातली नऊच आली होती, बाकीच्यांची परीक्षा होती, आणि आलेल्या नवातला एक जण चपला घालून खेळला. हे तपशील मी बातमीत घेतले नाहीत. 'यंदाच्या चषकाचा प्रबळ दावेदार' असा मथळा दिला. सरांचा उल्लेख 'चाणाक्ष मार्गदर्शक' असा, पूर्ण नावानिशी केला, आणि शेवटी 'भरवशाचा गोलरक्षक' म्हणून स्वतःचं नाव घातलं. स्वतःविषयी लिहिताना हात आखडता घेऊ नये, असं माझं तेव्हा मत होतं.

बातमी सरांनी वाचली. चष्मा कपाळावर सरकवून मला एवढंच विचारलं, "काऊन लिहिलं बे असं?" मी म्हणालो, सर, वातावरणनिर्मिती. ते सुतळीचा गुंता सोडवत बसले.

वातावरण मात्र निर्माण झालं. बातमी संस्थेच्या अध्यक्षांनी वाचली आणि त्यांनी आमचा सत्कार ठरवला. आपल्याकडे सत्काराला निमित्त लागत नाही, माणूस सापडला की पुरे. तरी स्पर्धेतला एकही सामना न खेळलेल्या संघाचा विजयाबद्दल सत्कार हा प्रकार आमच्या कॉलेजातही नवा होता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. समितीवर मी होतो. सरांसकट बारा शाली, बारा नारळ, पेंटरकडून कापडी फलक, संघाचा फोटो, आणि माझं भाषण. या सगळ्या धावपळीत जिनिंगच्या आवारातल्या सरावाला मला सलग तीन आठवडे जाता आलं नाही. सर दोनदा घरी येऊन गेले. आईने सांगितलं, तो फलक रंगवून घ्यायला गेलाय.

सत्काराच्या दिवशी मी बोललो. चषक ही आता केवळ औपचारिकता आहे, असं एक वाक्य त्यात होतं. टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष उठले. त्यांनी भर सभेत सांगितलं की यंदा संघ अंतिम फेरीत गेला तर मार्गदर्शकांना आपण कायम करू, आणि नाही गेला तर मात्र नव्या रक्ताला वाव द्यावा लागेल. नवं रक्त म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. सचिवांचा भाचा नुकताच बीपीएड होऊन आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता. त्या घोषणेला सर्वात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. सरांचं भलं आपण केलं, असं मला मनापासून वाटलं होतं.

अध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले तेव्हा सरांनी हात जोडले आणि सगळ्या कार्यक्रमात पहिल्यांदा तोंड उघडलं. "शाल हारल्यावर द्या, साहेब. जिकल्यावर माणसाच्या आंगात गरमी राह्यते. हारला का थंडी वाजते." सभागृह खूप हसलं. अध्यक्षही हसले आणि त्यांनी शाल सरांच्या खांद्यावर टाकलीच. हिरवी, लोकरीची, काठाला पिवळी. सरांनी ती घडी करून आपल्या पिशवीत ठेवली, डब्याच्या आणि खुंट्यांच्या वर.

ऑक्टोबरात नागपूरला गेलो. पहिलाच सामना, हरला तो स्पर्धेबाहेर. सांगायला आनंद वाटतो की आमचा संघ छान खेळला. जिनिंगच्या फरशीवर शिकलेले ते दहा जण त्या मुरमावर असे खेळले की प्रतिस्पर्ध्यांना सव्वा तास आमच्या गोलाकडे नीट येताच आलं नाही. मला काही कामच नव्हतं. मी भाषणातल्या वाक्यांची मनात उजळणी करत उभा होतो. शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्यांच्या एका गड्याने आपल्याच अर्ध्यातून, नुसता चेंडू दूर घालवायचा म्हणून, एक लाथ मारली. चेंडू उंच आला. त्याला पाहायला मला भरपूर वेळ होता. तो माझ्यासमोर सात-आठ फुटांवर पडणार हे मी ओळखलं, आणि काळ्या मातीत वाढलेल्या माणसासारखा दोन्ही हात पसरून तो बसायची वाट पाहत थांबलो. तो बसला नाही. टप्पा घेऊन माझ्या पाच फूट अकरा इंचांच्या वरून गेला आणि मागे जाळीत पडला. मी अजून हात पसरूनच उभा होतो. त्या क्षणी कडेला उभ्या असलेल्या सरांचा उजवा पाय नकळत हलल्याचं मी पाहिलं. जणू माझ्याऐवजी त्यांनीच तो पाय हलवला.

एक शून्य. आम्ही हरलो आणि सरांची नोकरी गेली, हे मला मैदानावरच कळलं होतं. बाकीच्यांनाही कळलं होतं. 

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी दाराजवळच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. ऑक्टोबरचं ऊन, डबा भरलेला, लोक वर्तमानपत्राने वारा घेत होते. बुटीबोरी गेल्यावर सर उठून आले, पिशवीतून ती शाल काढली, झटकली आणि माझ्या अंगावर गळ्यापर्यंत लपेटली. तिला फक्कीचा वास येत होता. घामाने आणि फक्कीने माझी मान चिकट झाली, तरी मी ती काढली नाही. समोर केळीची टोपली घेऊन बसलेल्या बाई सरकून बसल्या आणि सरांना म्हणाल्या, "मलेरिया हाये का जी पोराले?"

"हाव," सर म्हणाले. "उतरते दोन-तीन दिवसांत."

मग ते माझ्या बाजूला बसून राहिले, वर्धा येईपर्यंत. खरं तर त्या दिवशी थंडी त्यांना वाजायला हवी होती. घरी दोन मुली शाळेत होत्या, आणि आता पुढचा जून येणार होता. हे मला गाडीत सुचलं नाही. गाडीत मी फक्त स्वतःसाठी रडलो, आणि तेही शालीत तोंड खुपसून.

ठरल्याप्रमाणे पुढच्या जूनमध्ये ऑर्डर भाच्याच्या नावाने निघाली. तो आला त्या सकाळी सर मैदानावर होते. गवत काढून झालं होतं. त्यांनी त्या पोराला सुतळी, खुंट्या आणि डबा दिला, आणि कोपरा काटकोनात कसा काढायचा ते शिकवलं: एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार, आणि मधली सुतळी बरोब्बर पाच हात आली की कोपरा खरा. दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घेतलं. मग कडेच्या रेषेवरून चालत, काटकोनात वळून, फाटकाबाहेर गेले. मी हे सगळं कॅन्टीनच्या आडोशाने पाहिलं. हातात चहाचा कप होता, तो केव्हाच रिकामा झाला होता. पुढे जाऊन पाया पडावं एवढी हिंमत भरवशाच्या गोलरक्षकात नव्हती.

सर त्यांच्या गावी, तळेगावला गेले. घरची थोडी संत्र्याची झाडं होती. मी एम.ए. झालो आणि एका कॉलेजात मराठी शिकवू लागलो, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. देवाला विनोदबुद्धी आहे हे मला तेव्हा पटलं. दोन-तीन जून अंगावरून गेल्यावर एका रविवारी, माझ्याकडेच राहिलेली ती शाल धुऊन, घडी करून मी तळेगावला निघालो. सामन्याला तोवर नऊ वर्षं झाली होती.

घरी काकूंनी सांगितलं, शाळेच्या मैदानावर असतील. होते. गावातल्या शाळेने त्यांना बोलावलेलं नव्हतं आणि काही देतही नव्हती. डबा हलवत ते मागे मागे सरकत होते. मला पाहून थांबले नाहीत, सुतळीचं टोक फक्त पुढे केलं. "धर. ताणून धर." मी धरली. पाऊण मैदान होईपर्यंत त्यांनी माझं कॉलेज, माझी ऑर्डर, सगळं विचारून घेतलं.

मग मी ते वाक्य बोललो, जे नऊ वर्षं पाठ करत होतो. म्हणालो, सर, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. बातमी मी दिली, सत्कार मी केला, सराव मी बुडवला, गोल मी खाल्ला.

सर खाली वाकून खुंटी ठोकत होते. म्हणाले, "सारं तूच केलं म्हणतं? बाकीच्या दहा जणायले काहीतरी ठेव." मग उठून कंबर धरली. "थे पेपर हाये माह्यापाशी. पोरीयले दाखवतो कवा कवा. माहं पूर्ण नाव एकदाच छापून आलं, थे तूच छापलं. अन् आपण जिकू असं जिल्ह्यात तुह्याशिवाय कोन म्हणे बे?"

 मी पिशवीतून शाल काढून पुढे केली. त्यांनी ओळखली. हात पुसून काठ चाचपला आणि परत माझ्या हातात दिली.

"ठेव तुह्याचपाशी," ते म्हणाले. "ऑर्डर अकरा महिन्याचीच हाये ना अजून? कामी पडन."

सर गेले त्याला आता वर्ष होईल. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. या माणसाला मी आयुष्यात एकदाच खरी मदत केली, सुतळीचं टोक धरून, तीही नऊ वर्षं उशिरा.

यंदा जून अर्धा सरला, माझी ऑर्डर निघालेली नाही. विभागात नव्या रक्ताची चर्चा आहे. काल सकाळी मी कॉलेजात गेलो आणि विभागाच्या पुस्तकांची कपाटं उघडून धूळ झटकायला बसलो. शिपायाने विचारलं, सर, ऑर्डर आली का? मी म्हणालो, धुळीला कुठे ऑर्डर लागते. त्याला काही ते समजलं नाही. परत निघताना मैदान मध्ये लागतं, तिथून तिरपं गेलं की फाटक जवळ पडतं. मी कडेकडेने गेलो, शेवटी काटकोनात वळलो. घरी येऊन कपाटातून शाल काढली आणि उन्हात टाकली. बायको म्हणाली, पंखा लावला तरी जीव राहत नाही, आणि शाल कशाला? मी म्हटलं, असू दे, कामी पडेल.