दाना ओलीचा बिगुल

बिगुल वाजवता वाजवता त्यात श्वासाचं पाणी साचतं. मधूनमधून तो उलटा करून झटकावा लागतो. आमच्या दाना ओली या गल्लीच्या बिगुल-ढोल पथकातले किस्सेही असेच साचतात. आज जरा झटकतो!

*

पथक काढलं आमचे पथकप्रमुख जाधवकाका यांच्या वडिलांनी. फौजेतून निवृत्त होऊन आले आणि गल्लीतल्या पोरांना उठवायला पहाटेच बिगुल फुंकला. पोरं झोपूनच राहिली. त्यांच्या आया मात्र भांडायला खाली उतरल्या.

"शाबास!" ते म्हणाले. "तुमच्यापासूनच सुरू करू. लाइनीत या!"

दोघी-तिघी आल्यासुद्धा म्हणे.

*

त्या पहाटेपासून गल्लीत बिगुलाला अजून मनाई आहे. म्हणून आम्ही नुसते माउथपीस ओठांना लावून गुणगुणत जवळच्या 'खासगी बाजार' नावाच्या पेठेतून फिरतो. एकदा मिठाईवाला ओरडला, "अरे, मक्खियाँ आ गईं! जलेबी ढको!"

*

काकांनी नवी कवळी बसवली आणि बिगुल फुंकला. सूर निघाला नाही, कवळी निघाली! ढोलवाल्या गोलूने ती हवेतच झेलली.

"कॅच बढिया," काका म्हणाले. "आता बिगुल कोण झेलणार?" आणि माझ्याकडे बघितलं.

मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा अर्ध्या वर्गाने माझा आवाज ऐकलेला नव्हता.

"काका, याला तर चहासुद्धा मागता येत नाही!" गोलू म्हणाला.

"म्हणूनच. याचा सगळा आवाज शिल्लक आहे."

*

यंदा गणपती मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "दौलतगंजच्या चौकात सलामी द्या. जमली तर मिरवणूक दरसाल तुमची. नाहीतर डीजे तयार आहे."

मिरवणुकीच्या दिवशी डीजेची गाडी चौकात समोरच उभी होती, जनरेटर घरघरत होता. मिरवणूक गेली की पथकही गेलं, हे काकांना ठाऊक होतं.

आमचा रियाज शहरातल्या किल्ल्याखालच्या मैदानात होतो. तिथे सूर किल्ल्यावर आदळून परत येतो, हळू, कुणीतरी झोपेत उत्तर द्यावं तसा. तो येऊन गेला की मगच ढोल पडायचा, ही काकांची शिस्त.

चौकात मी डोळे मिटले आणि फुंकलं. सूर निघाला! लांब, स्वच्छ, गच्च्यांवरून तरंगत गेला.

आता ढोल पडायला हवे होते. पण सगळ्यांच्या काठ्या हवेतच. कान किल्ल्याकडे.

अध्यक्ष ओरडले, "अरे, थांबलात का?"

गोलूने काठी तशीच वर धरून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. "दादा, उधरसे आलं नाही अजून."

चौकात आता फक्त जनरेटरची घरघर उरली. छज्ज्यांवरच्या बायका, फुगेवाला, अध्यक्षसुद्धा किल्ल्याकडे बघत उभे राहिले.

डीजेवाला गाडीतून उतरला आणि त्याने जनरेटर बंद केला.

"अब सुनाई देगा," तो म्हणाला.