टाचेची हाक

चेन्नईत एग्मोरच्या एका गल्लीत मी रोज सकाळी श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट पाहायचो. समोरच्या ओट्यावर एक आजोबा बसायचे. त्यांनी रस्त्यावरून आणलेला बहिरा कुत्रा खाली गटारावरच्या सैल फरशीवर झोपायचा. त्याला उठवायचं तर आजोबा फरशीच्या टोकावर अनवाणी टाच आपटत. फरशी हलली की तो उठून थेट त्यांच्या तोंडाकडे बघायचा.

मी मराठी आहे हे कळल्यावर ते तमिळ हेल काढत तंजावरच्या जुन्या मराठीत म्हणाले, “वर्षभर ह्यास हट्टी म्हणून मारिलें. हाकेस येत नव्हता. दिवाळीस फटाके वाजले, गल्लीतलीं सगळीं कुत्रीं पळालीं, हा निजलेला. तेव्हां कळलें.” मग त्याच्या कानामागे खाजवत हळूच म्हणाले, “आतां क्षमा मागावी, तर ऐकूं येत नाहीं.”

पोंगलच्या सुट्टीनंतर परतलो, तर ओटा रिकामा. आजोबा गेल्याचं सुनेनं सांगितलं. कुत्रा फरशीवरच झोपला होता. मला राहवेना. कंपनीचा जाड बूट काढून मी टाच आपटली. तो शेपूट हलवत धडपडून उठला, माझं तोंड पाहिलं आणि पुन्हा आडवा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी बससाठी पुढच्या कोपऱ्यावर उभा राहू लागलो.