करी रोडच्या एकविसाव्या मजल्यावरची खोटी सही

लोक पन्नाशीच्या आत लडाख करून येतात. मला पुण्याहून करी रोड गाठायला तीस वर्षं लागली. शाळेच्या ग्रुपवर सुजाताने लिहिलं, "बाबा ऐंशीचे झाले. कधीतरी भेटून जा गं." सगळ्यांनी केक आणि फुगे टाकले. मी सकाळी सहाच्या बसचं तिकीट काढलं. सुजाताच्या बाबांची माफी मागायची राहिली होती आणि ऐंशी म्हणजे काही थांबायचं वय नव्हे.

साडेनऊला दादर. उतरल्याबरोबर साबुदाणा वडा आणि पियूष. जाणार असाल तर पियूष शेवटी मागवा, नाहीतर वड्याला पोटात जागा उरत नाही. तिथून लाल बसने परळ, दहा रुपयांत.

रविवार असल्यामुळे शाळेला कुलूप. वॉचमनने विचारलं, "ॲडमिशनचं काम आहे का?"

"नाही हो, मी इथलीच विद्यार्थिनी."

"मग आता काय राहिलंय?"

काय राहिलंय ते त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

सुजाता आणि मी एकाच बाकावर बसायचो, डावीकडून दुसऱ्या रांगेत तिसऱ्या. माझं अक्षर सुरेख, तिचं गणित भयंकर. तिचे बाबा कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलायचे, आणि प्रगतिपुस्तकातल्या लाल रेघा त्यांना दाखवायची तिची छाती होत नव्हती. म्हणून पाचवीपासून पालकांच्या रकान्यात 'काशिनाथ' मीच लिहायचे. एका झटक्यात, खाली लांबलचक शेपटी, शेपटीखाली दोन टिंबं. अगदी साहेबी! मोबदला म्हणजे तिच्या डब्यातली सुकट. आमच्या घरी मासे वर्ज्य, त्यामुळे सौदा माझ्याच फायद्याचा होता.

नववीत घात झाला. सुजाता गणितात पास झाली. हरखून तिने प्रगतिपुस्तक घरी दाखवलं आणि तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या काकांनी, पहिल्यांदाच स्वतः सही केली. का, शि, ना, थ, चार अक्षरं चार दिशांना. बाईंनी त्या सहीभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, 'खोटी सही. पालकांनी भेटावे.'

काका इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात आले. बाईंनी आधीच्या सह्या दाखवून विचारलं, "या कुणाच्या?" काकांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्या माझ्याच." बाई म्हणाल्या, "मग तशी करून दाखवा." काका टेबलावर वाकून प्रयत्न करत राहिले. शेपटी काही जमेना. वर्ग हसायला लागला. मी उठून खरं सांगायला हवं होतं. मीही हसले. दुसऱ्या दिवशी सुजाता पहिल्या बाकावर जाऊन बसली, ती दहावीपर्यंत तिथेच.

परळहून चालत लालबाग, चिवडा गल्ली. इथे आधी चव घ्यायची आणि मग भाव विचारायचा. मी आठ प्रकार चाखले, घेतला एक. दुकानदार म्हणाला, "ताई, जेवण झालं ना तुमचं?" धीर गोळा करायला वेळ हवा होता, हे त्याला कुठून कळणार?

करी रोडला चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. गेटवर नाव, फोन नंबर आणि सही. सही म्हटल्यावर माझा हात जरा अडला.

एकविसाव्या मजल्यावर दार सुजातानेच उघडलं. "जाडी झालीस," ती म्हणाली, म्हणजे निम्मं काम फत्ते. काका खिडकीशी बसले होते. मी "जय भीम, काका" म्हणाले आणि उभ्या उभ्याच सह्यांचं सगळं ओकून टाकलं.

"बस आधी," काका म्हणाले. "पोरीनं मला त्याच दिवशी सांगितलेलं सगळं. माझी सही नापास झाली, तुझी पास. मग मी तीच गिरवली. महिनाभर, गोदामातल्या चिठ्ठ्यांवर." त्यांनी कपाटातून फाइल काढली. पासबुक, खोलीचे कागद, या घराचा ताबा, सगळीकडे माझी शेपटी आणि माझी दोन टिंबं!

सुजाता आणि मी पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर मी म्हणाले, "काका, त्या दिवशी वर्गात मी पण हसले होते."

"बघितलं मी," काका म्हणाले.

मला फार लाज वाटली, तीस वर्षांत वाटली नव्हती इतकी. मग त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "माझी पहिली सही कशी होती? मला आता येत नाही."

मला येत होती. का जरा वर, शि मागे रेललेली, ना लांब उभा, थ एकटाच कडेला. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "शिची वेलांटी मोठी होती," ते म्हणाले. मी मोठी केली. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चिवड्याचा पुडा फोडायला सांगितला.

परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही. घरी नवऱ्याने विचारलं, "केलं का माफ?" तसं काका काही म्हणाले नव्हते आणि मीही विचारलं नव्हतं. एका दिवसाच्या प्रवासात एवढंच होतं, असं म्हणून मी बॅग रिकामी केली.

सकाळी सुजाताचा फोन आला. "बाबा उठल्यापासून सही करतायत. अर्धी वही भरली."

"त्यांना सांग, बँकेत नका करू. चेक परत येईल."

तिने तिकडे विचारलं. मागून काकांचा आवाज आला, "बँकेत तिचीच चालू दे. ही माझी आहे."