केळ्यासारखा वाकलेला पुंजका

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. बर्लिनजवळच्या एका संस्थेत मी पीएचडी करत होते. आमच्या गटात साठीला आलेल्या एक जर्मन बाई होत्या. कणांना प्रचंड वेग देणाऱ्या लांबलचक सरळ त्वरकातून त्यांचे पुंजके कसे जातील, हे दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनीच पूर्वी लिहिलेला. माझं काम त्याच्या पुढचं. समोरासमोरून येणारे, केसाहून हजारो पटींनी बारीक असे दोन पुंजके बरोबर एकमेकांवर आणायचे. टकरी जितक्या जास्त, तितकी ल्युमिनॉसिटी जास्त. यंत्र अजून कागदावरच होतं, म्हणून सगळं कॉम्प्युटरवर.

नेम चुकला की पुंजके एकमेकांना वाकडे ढकलतात. त्या ढकलण्यावरून चूक ओळखून मी ते जुळवत होते. ढकलणं शून्यावर आलं, तरी ल्युमिनॉसिटी अपेक्षेच्या खूप खाली! तीन आठवडे मी माझाच कोड चाळत बसले. नव्या मुलीचं काहीतरी चुकतंय, अशी कुजबुज सुरू झाली. मी कँटीनमध्ये एकटीच जेवायला लागले.

एक दिवस बाई ट्रे घेऊन शेजारी बसल्या. "आल्झो, बरं तर, तुमच्या कणांचे आकडे मला द्या. सरासरी नको, सगळे द्या."

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. पुंजक्याचे पुढून मागे बारीक काप कल्पून, प्रत्येक कापाची जागा त्यांनी आलेखाच्या कागदावर हाताने मांडली होती. पुंजका सरळ नव्हताच, केळ्यासारखा वाकला होता.

"म्हणजे मधला भाग जुळतो, पण टोकं..."

"गेनाऊ, अगदी बरोबर. टोकं बाजूनेच निघून जातात."

गुरुवारच्या बैठकीत मी तोंड उघडायच्या आत त्या उठल्या. "चूक यांची नाही. इतकी वर्षं मी पुंजका सरळच धरत आले. माझं गृहीतक चुकलं." एवढंच बोलून बसल्या.

मग आम्ही दोघींनी पुंजके येण्याची उंची आणि कोन जरा जरा बदलत, टकरी सर्वांत जास्त कुठे होतात ते शोधलं. ती जागा ढकलणं शून्य होतं तिथे नव्हतीच, थोडी बाजूला निघाली. गेलेली ल्युमिनॉसिटी बरीचशी परत आली. सगळी नाही, आणि तेही त्यांनी माझ्याकडून प्रबंधात स्पष्ट लिहून घेतलं.

पुढे माझेही प्रोग्रॅम लोक वापरू लागले. आपली चूक चारचौघांत सांगायची वेळ माझ्यावर दोनदा आली. पहिल्यांदा मी गप्प बसले. दुसऱ्यांदा उठले, पण आवाज कापत होता. बाईंचा जराही कापला नव्हता.