बोअरमामाची जीभ

"पहिला पेला माझा," बोअरमामा म्हणायचा. नवा हापसा बसवला, गढूळ पाणी उपसून नितळ यायला लागलं, की तो पेला भरून घ्यायचा, पाणी तोंडात घोळवायचा, आणि सगळं घर त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहायचं. तो "गोड आहे" म्हणाला, की मगच घागरी पुढे सरकायच्या. जीभ नाही म्हणाली, तर ते भोक तो स्वतःच्या हातानं बुजवायचा. अशी तीस वर्षं गेली, दोनशेवर हापसे झाले.

मग प्रयोगशाळेतली एक मुलगी आली, बाटल्या भरून घेऊन गेली, आणि दोन महिन्यांनी कागद घेऊन परतली. नदीच्या गाळात खोलवर सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष आहे, ते पाण्यात उतरतंय. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. चव नाही, हे मामाच्या गळी उतरेना. तेव्हा तिनं त्याचे तळहात उजेडात धरले. त्यावरच्या टणक दाण्यांना तो कामाचे घट्टे समजत आला होता.

"आणि छातीवरचे हे ठिपके?" तिनं विचारलं. "तिथं कुठला दांडा लागतो, मामा?"

त्यानं सदऱ्याची गुंडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तो तांबड्या रंगाचा डबा घेऊन फिरू लागला. कागदावर सोमलाचा म्हणून लिहिलेला एकेक हापसा रंगवायचा, हे पाणी पिऊ नका म्हणून सांगायचं. लोक हसायचे. मामाची जीभ म्हातारी झाली म्हणायचे, आणि त्याची पाठ वळली की पाणी भरायचे.

थोरल्या बहिणीचं दार त्यानं शेवटी ठेवलं. तिचा हापसा त्यानं भावाच्या मायेनं फुकट बसवून दिला होता. तिच्या सुनेचा गर्भ दोनदा पडला होता. नऊ वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना चालू होता.

बहिणीनं डबा बघताच वाट अडवली. उकळून पिऊ, म्हणाली. उकळल्यानं सोमल जात नाही, उलट दाट होतो, हे त्यानं समजावलं. शाळेजवळच्या हापशाचं पाणी चांगलं निघालंय, म्हणाला. एवढ्या लांबून पोटुशी सून पाणी वाहणार का, असं तिनं विचारलं, आणि तांब्या भरून त्याच्यासमोर घटाघटा प्याली.

"तूच म्हणाला होतास ना, गोड आहे?"

"म्हणालो होतो, आक्का. चुकलो."

त्यानं तळहात पुढे केले. आक्कानं तोंड फिरवलं. दारातल्या सुनेनं मात्र ते नीट पाहिले, आणि आपले दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.

मामाला ते दिसलं. त्यानं डबा खाली ठेवला, पाना काढला आणि हापशाचा दांडा खोलायला बसला. आक्का त्याला नाही नाही ते बोलली, मग रडली, मग आत जाऊन बसली. त्यानं दांडा खांद्यावर टाकला, दुसऱ्या हातात तिची रिकामी घागर घेतली आणि शाळेच्या रस्त्याला लागला.

वळणाआड होईपर्यंत सून दारातून बघत होती. हात अजून पाठीमागेच होते.