फुंकायचं ते ओढलं

म्हातारा जमिनीवर बसून तोंड उघडत होता, मिटत होता, आणि आत हवा जात नव्हती. ओठ निळे, जीभ निळी, दात निळे, पांढरी मिशीसुद्धा निळी. हातात पपईच्या पानाचा देठ अजून घट्ट धरलेला. मी ओरडले, "थुंका! पहिलं थुंका!" त्यानं नुसती मान हलवली. थुंकायलाही श्वास लागतो. तो त्याच्याकडे नव्हता.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. आणि हे सगळं कशासाठी, तर आदिमानवासाठी.

आमची मुलगी तेव्हा सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिकवायची. शाळेच्या प्रदर्शनात तिच्या वाट्याला गुहा आली होती. गुहा करायची कुठे, तर आमच्या एका खोलीत. लोखंडी खाट उभी केली, तिच्यावर पोती बांधली आणि मी माती-शेण कालवून लिंपली. मला चौथीपर्यंत शाळा, पण लिंपण येतं. आम्ही झोपायचं कुठे, हे कोणी विचारलं नाही.

मुलगी रोज काहीतरी वाचून सांगायची. ती माणसं म्हणे अंधारात आत शिरायची, खोलगट दगडात चरबी घालून दिवा लावायची. तांबडी माती दगडावर वाटायची, चरबीत नाहीतर पाण्यात कालवायची, काडी चावून तिचा कुंचला करायची. कुठे धारदार गारगोटीनं दगडच कोरायची. आणि हात. हात खडकावर ठेवायचा, भोवती तोंडानं रंग फुंकायचा, नाहीतर पोकळ हाडातून फुंकायचा. मग हात उचलायचा.

मी म्हटलं, "त्यात काय? लग्नात आपण हळदीचे हात उमटवतो की."

"माय, आपला हात लागतो तिथे रंग येतो. त्यांचा हात होता तेवढीच जागा कोरी राहते."

एवढ्या लांब अंधारात जाऊन कोरी जागा काढायची. मला तेव्हाही पटलं नाही. पण गेरू मी वाटून दिला.

खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. म्हाताऱ्यानं सारी उमर सुरतेजवळ कडोदऱ्याकडच्या एका कापडाच्या मिलमध्ये रंग कालवण्यात घातली. रंगाची पूड छातीत जाऊन जाऊन खोकला लागला, तेव्हा डॉक्टरनं बजावलं की पुडीच्या आसपासही फिरायचं नाही. काम सुटलं. पण निळ्या पुडीची एक पिशवी घरी आणून माळ्यावर ठेवलेली, कधीतरी कामाला येईल म्हणून. मी दोनदा फेकायला काढली, दोनदा त्यानं परत ठेवली.

गेरूची वाटी बघून तो हसला. "ही काय माती? हात लागला का गेली. माझा रंग दगडावर घासला तरी जात नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, आदिमानवाकडे निळा रंग नव्हता."

"मिल नव्हती म्हणून नव्हता."

पुस्तकातल्या चित्राची झेरॉक्स होती, त्यात सगळंच काळं. म्हणून तो आणखीच हट्टाला पेटला. मूळ हात निळाच असणार, झेरॉक्समध्ये काळा आला, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, पिशवी वर ठेवा. तो म्हणाला, "माले काय व्हस?" आमच्या खान्देशी पुरुषांचं हे ठरलेलं उत्तर आहे. मला काय होतंय!

मुलगी ओल्या मातीवर खिळ्यानं हरीण कोरत होती, मी मोरीत भांडी घासत होते. तेवढ्यात त्यानं घरामागून पपईचा देठ कापून आणला. तो आतून पोकळ असतो. त्यात पूड भरली. डावा हात गुहेवर टेकवला, देठ ओठांत धरला. आता फुंकायचं होतं. पण सोळाव्या वर्षापासून बिडी ओढणारा माणूस. ओठांत नळी आली की त्याला एकच गोष्ट माहीत.

त्यानं ओढलं.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. म्हातारा आमच्या दोघींच्या मध्ये, आणि त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं ते निळं तोंड बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"क्या पिया है? घर में झगड़ा हुआ?"

"झगडा तो रोज होता है," मी म्हटलं. "आज रंग खाया है."

"पुलिस केस बनेगा, माजी."

मुलगी गुजरातीत सांगायला लागली की वडील आदिमानवाचा हात काढत होते. नर्स तोंडावर हात ठेवून हसली. मी तिला म्हटलं, हसा नंतर, आधी नळी लावा. तिला मराठी कळली नसेल, पण नळी लावली.

डॉक्टरची अडचण वेगळीच होती. श्वास कमी पडला की ओठ निळे होतात, नखं निळी होतात, असं मुलगी मला सांगत होती. ओठ तर रंगानं निळेच. हाताची नखं बघायला गेला, तीही रंगात भरलेली. पाय बघितले, तर मिलच्या पाण्यात उभं राहून राहून पायाची नखं कधीचीच काळी पडलेली. डॉक्टर वैतागून म्हणाला, "इस आदमी का असली रंग देखूँ कहाँ?" शेवटी त्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं आणि मग त्याचा आवाज बदलला. सुई, औषध, सगळी पळापळ. आम्हाला बाहेर काढलं. जाताना म्हणाला की छाती मोकळी झाली तर ठीक, नाहीतर आपल्या हातात नाही.

बाहेर बाकावर मुलगी रडायला लागली. "माझ्यामुळे झालं, माय."

"तुझ्यामुळे नाही. बिडीमुळे. गप बस."

मला रडू आलं नाही, राग येत होता. हा असा निळा मेला, तर गावाकडची माणसं विचारणार काय झालं. अटॅक आला म्हणता येणार नाही, तोंड सगळ्यांना दिसणार. मग मी काय सांगायचं? आदिमानवाचा हात काढताना गेले? त्या माणसांनी हाडातून रंग फुंकला, अंधारात, चरबीच्या धुरात, आणि त्यांचं काही झालं नाही. झालं असेल तर सांगायला कोणी नाही. आणि आमचा हा, उजेडात, स्वतःच्या खोलीत, पंख्याखाली.

दिवेलागणीला नर्सनं आत बोलावलं. शिट्टी चालू होती, पण छाती हलत होती. म्हाताऱ्यानं तोंडावरची नळी बाजूला केली.

"हात आला का?"

दवाखान्यात मारता येत नाही म्हणून मारलं नाही. "कुठून येणार? रंग सगळा तुमच्यात गेला. नळी लावा तोंडाला."

घरी सोडलं तेव्हाही ओठ निळेच होते. खरंच, त्याचा रंग जात नव्हता. पिशवी मी मधल्या काळात फेकून दिली होती. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी, आणि गुहेत हरणं होती, बैल होता, हात नव्हता. मुलगी म्हणाली, राहू दे. म्हातारा उठला, गुहेसमोर जाऊन हात टेकवून उभा राहिला आणि मला म्हणाला,

"फुंकायचं मला बंद केलंय. हात माझा, तोंड तुझं."

"वेड लागलं का तुम्हाला?"

"भर गं. हात दुखतोय."

मी गेरूचं पाणी तोंडात घेतलं. ओल्या मातीची चव, बाळंतपणाआधी चोरून खायचे तीच. आणि फुंकलं. नीट सांगायचं तर थुंकले. त्याच्या हातावर, मनगटावर, सदऱ्यावर. पुन्हा तोंड भरलं, पुन्हा थुंकले. इतक्या वर्षांचं त्यात बरंच काही होतं. तो डोळे मिटून उभा.

"हलू नका," मी म्हटलं आणि आणखी एकदा थुंकले. तेवढ्याची गरज नव्हती.

हात काढला, तर भोवती तांबडं आणि मधे त्याची पाचही बोटं कोरी. करंगळी वाकडी आहे त्याची, तीसुद्धा आली.

प्रदर्शनात लोक विचारायचे, हा हात कोणाचा. मुलगी सांगायची, माझ्या वडिलांचा. तोंड कोणाचं ते कोणी विचारलं नाही. प्रदर्शन संपल्यावर पोती सोडून माती पाठीमागे टाकली आणि खाट आडवी केली. पहिल्या रात्री तो तिच्यावर झोपला, मी खाली. वरून त्याच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती.

म्हातारा वाचला.