मृत्युपत्राची ट्रायल

शिंपी मास्तर कुणाचंही मन मोडत नसत. परवा लग्न आहे, कोट हवाच, असं गिऱ्हाईक म्हणालं की हे मान डोलावून मोकळे; मग त्यांची भाची मान मोडेपर्यंत काजं-बटणं करत बसे. गल्लीत त्यांना 'होयबा मास्तर' म्हणत, आणि त्यालाही त्यांची हरकत नव्हती.

हा गोडवा कपड्यांपुरता राहिला असता तर निभावलं असतं. पण थोरली लेक माहेरी आली की मास्तर म्हणत, "माझ्यामागे दुकान तुझंच गं." धाकटी आली की तिलाही तेच. कुणाला वाईट वाटू नये, एवढाच हेतू. भाचीला मात्र असं काही सांगायची वेळच आली नाही. आईबाप गेल्यावर ती मामाकडे आली आणि दुकानामागच्या खोलीत राहू लागली. आता कटिंग तिचं, गिऱ्हाइकांची बोलणी तिची, मामाच्या गोळ्याही तिच्याच लक्षात.

एकदा ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या वकीलबाईंनी सहज विचारलं, "मास्तर, मृत्युपत्र केलंय का?"

"मला काय धाड भरलीय?"

"भरू नये. पण काही लिहिलेलं नसेल तर सगळं लेकींना जाईल. भाचीचा कायद्याने काही हक्क नाही. ऊठ म्हटलं तर तिला उठावं लागेल."

मास्तर खडू शोधू लागले. खडू हातातच होता.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून वकीलबाईंकडे गेले. बँकेत नॉमिनी म्हणून अजून बायकोचंच नाव निघालं. तिला जाऊन जमाना झाला होता. ते आधी बदललं. मग मजकूर ठरला: वरचं घर दोघी लेकींना, दुकान आणि मागची खोली भाचीला. साक्षीला दोघे असे हवेत, ज्यांना यातलं काही मिळणार नाही, असं बाईंनी बजावलं. मास्तरांनी इस्त्रीवाला आणि समोरचा चष्मेवाला ठरवला.

"मग करा सही," बाई म्हणाल्या.

"अशी कशी? पक्की शिलाई मारायच्या आधी मी ट्रायल घेतो. ज्यांना घालायचंय त्यांना घालून बघू दे. मी गेल्यावर उसवणार कोण?"

बाईंनी कपाळाला हात लावला. लोक हे गुपचूप करतात, आणि हा गृहस्थ सगळ्यांना बोलावून वाचून दाखवणार!

रविवारी लेकी आल्या. भाची चहा ठेवून निघाली होती, तिलाही मास्तरांनी बसवलं. वकीलबाईंनी कच्चा मजकूर वाचला.

"बाबा, दुकान मला देणार होतात ना?" थोरली म्हणाली.

"तुला?" धाकटी उसळली. "मला सांगितलं होतं!"

दोघी बापाकडे बघू लागल्या. मास्तर पंख्याकडे बघत राहिले. पोटच्या पोरींसमोर आपलं गोड बोलणं असं उघडं पडलं, याची त्यांना फार लाज वाटली.

थोरली भाचीकडे वळली. "आणि तुला काय कबूल केलं होतं?"

"मला?" भाची गोंधळली. "काहीच नाही, ताई. मी आपली गेल्या महिन्यात बाजारातल्या कपड्यांच्या कारखान्यात विचारून आले, पुढेमागे कामावर घ्याल का म्हणून. राहायला खोली देतात म्हणे तिथे."

साऱ्या गावाला त्यांनी शब्द वाटले होते. जिच्या जिवावर वाटले, ती मात्र मुकाट्याने बाहेर राहायची सोय बघत होती.

थोरलीचा राग अजून गेला नव्हता, तो चेहऱ्यावर दिसत होता. पण तिनेच पेन उचलून बापाच्या हातात दिलं.

"करा सही. आम्हाला निदान खोटा शब्द तरी मिळाला होता. हिला तेवढाही नाही मिळाला."

धाकटी उठली आणि साक्षीसाठी इस्त्रीवाल्याला नि चष्मेवाल्याला हाक मारायला गेली.